बेबीनंदाचा फाटका स्पीकर

जालन्यात बेंजो पार्ट्या पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ मोडल्या. त्या सगळ्यांचा इतिहास लिहायला मी बसलेलो नाही. मी बसलोय तो परवाच्या एका लग्नातल्या पंगतीमुळे. माझ्या शेजारी एक शहाणा बसला होता. गुलाबजाम मोडता मोडता तो मला सांगू लागला, की जालन्याच्या मस्तगड भागात पूर्वी एक बाई बेंजो वाजवायची म्हणे, तिचा स्पीकर फाटका होता, बिचारीला नवा घ्यायला परवडत नसेल. मी ताटावरून उठलो. अन्नाचा अपमान झाला असेल तर होऊ दे. त्या बाईच्या उजव्या हाताला उभा राहून मी वीसेक वर्षं ताशा बडवला आहे. तिला बिचारी म्हणणाऱ्याच्या शेजारी बसून मला घास गिळता येत नाही.

तिचं नाव बेबीनंदा खरात. माहेर धावड्याचं, भोकरदन तालुक्यातलं. वडील रामकिसन तिकडच्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. त्यांना मुलगा नव्हता, पण तेवढ्यासाठी त्यांनी मुलीला शिकवलं असं कुणी समजू नये. घरात तालाला न चुकणारं माणूस ही एकटीच आहे, मी धरून, असं ते स्वतःच सांगायचे.

ज्यांनी बेंजो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातभर लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पत्तीनं तार छेडायची. नुसता वाजवला तर पलीकडच्या खोलीतही ऐकू जात नाही. म्हणून त्याची वायर ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायर मोटारीच्या बॅटरीला, आणि शेवटी लाकडी खोक्यात बसवलेला मोठा स्पीकर. हे सगळं हातगाड्यावर चढवून वरातीच्या पुढे चालायचं. गाडा ढकलणाऱ्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. आमचा गाडा तिचा नवरा अण्णासाहेब ढकलायचा, आणि त्याचं नाव मी मुद्दाम सांगतोय.

अण्णासाहेब लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. तो मुलगी बघायला धावड्याला गेला तेव्हा तिनं त्याला एकच गोष्ट विचारली, की तुम्हाला गाडा ढकलता येतो का. तो म्हणाला, दिवसभर तेच करतो. लग्न ठरलं. १९८१ साली ती बेंजो काखोटीला मारून मस्तगडात आली आणि वर्षाच्या आत पार्टी उभी केली. मी तेव्हा एका ब्रास बँडमध्ये लाल कोट घालून ताशा वाजवत होतो. मालकाशी माझं भर रस्त्यात वाजलं, कोट त्याच्या तोंडावर फेकून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी ही माझ्या दारात. म्हणाली, वसंतभाऊ, तुमचं भांडण ऐकलं काल, आवाज दमदार आहे, ताशाही तसाच वाजतो का? गाण्यासाठी मी माझा मावसभाऊ तातेराव याला आणला. तातेरावाचा गळा गोड होता. एवढंच त्याच्याबद्दल चांगलं लिहितो, बाकीचं पुढे येईल.

पार्टीचा नियम तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकला. सिनेमातली गाणी वाजवायची नाहीत. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. सिनेमातली गाणी सोडून वरातीत काय वाजवणार, भजन? पण तिच्याकडे तिच्या स्वतःच्या चाली होत्या. दिवसा ती बियाण्याच्या कारखान्यात सरकी निवडायला जायची. तिथं एक भली मोठी चाळणी यंत्रावर हलत असे, तिचा ठेका तिनं उचलला आणि त्यावर एक चाल बांधली. तिला आम्ही 'चाळणी'च म्हणायचो. ती सुरू झाली की म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचायच्या. तरी गिऱ्हाइकं कटकट करायचीच. एका नवरदेवाच्या मामानं फारच धरून बसल्यावर तिनं त्याला शांतपणे सांगितलं, की दुकानात रेडिओ मिळतो, तो गाड्यावर ठेवा, आम्ही मागून चालतो.

आता त्या स्पीकरचं.

अंबडच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं आता माझी भाची दिली आहे. तिथल्या बौद्धवाड्यातल्या एका नवरदेवाच्या वरातीला १९८४च्या उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो. गावात जाण्याचा रस्ता एकच, मारुतीच्या पारावरून आणि पाराला लागून असलेल्या रामरावांच्या घरावरून जाणारा. रामराव म्हणजे मोठे जमीनवाले, गावात त्यांचा शब्द चालायचा. बौद्धवाड्यातलं वाजंत्री त्या घराजवळ आलं की बंद करायचं, मुकाट्यानं वळणापर्यंत चालायचं आणि वळण ओलांडल्यावर पुन्हा सुरू करायचं, अशी तिथली रीत. कुणी लिहून दिलेली नव्हती. पण नवरदेवाच्या चुलत्यानं निघायच्या आधी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं. तो बिचारा घाबरलेला होता. बेबीनंदानं सगळं ऐकून घेतलं आणि तारा जुळवू लागली.

चारच्या उन्हात वरात पाराजवळ आली. चुलत्यानं दोन्ही हात वर करून इशारा केला. बेबीनंदानं त्या हातांकडे पाहिलं आणि 'चाळणी' आणखी चढ्या लयीत घेतली. आता तीच थांबली नाही म्हटल्यावर माझा ताशा कसा थांबणार? रामराव ओट्यासमोर नुकतीच बैलं सोडत होते. हातात पराणी होती, बैलांना टोचायची लांब काठी, टोकाला लोखंडी आर. ते सरळ गाड्यापाशी आले, पराणी स्पीकरच्या कागदी पडद्यात खुपसली आणि वरून खाली ओढली.

आवाज क्षणभर गेला. अण्णासाहेबानं गाड्याचे दांडे सोडले नाहीत. मग आवाज परत आला, पण तो आमचा आवाज नव्हता. खरखरीत, घसा फाटेस्तोवर ओरडल्यासारखा, आधीच्या दुप्पट मोठा वाटणारा. मला वाटलं, आता ही थांबेल. ही बाई त्या आवाजात आणखी जोरात वाजवू लागली. आणि रामरावांची बैलं बुजली. एक खळ्याकडे, दुसरं पारावर. रामराव पराणी टाकून बैलांमागे धावले, आणि आम्ही त्यांच्या घरावरून वाजवत गेलो. वळणावर 'चाळणी' संपली. तिनं तिथंच उभं राहून ती पुन्हा पहिल्यापासून वाजवली.

त्या संध्याकाळी वाड्यातल्या लोकांनी आम्हाला घाईघाईनं जीपमध्ये बसवून दिलं. पुढे काही दिवस तिथं तंग होतं, एकदोघांची मजुरी बंद झाली, हेही खरं. पण त्यानंतर तिथं कुठल्या वाजंत्रीनं वाजवणं थांबवल्याचं मी ऐकलेलं नाही.

मस्तगडात काकासाहेबाचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. काकासाहेब हे त्याचं नावच, वयानं तो आमच्याएवढाच. तो आमचं सगळं सामान बघायचा. स्पीकर पाहून तो म्हणाला, पडदा नवा बसवतो, माझ्याकडून. बेबीनंदा नाही म्हणाली. मग तिनं जे सांगितलं ते माझ्या कानात अजून आहे.

"ह्यो आवाज मी त्या गल्लीतून वाजवत आणलाय, काकासाहेब. तुम्ही शिवून दिला तर मी तिथं थांबले व्हते, असं होईल. फाटलाय तेवढाच राहू द्या. फक्त वाढू देऊ नका."

काकासाहेबानं आयुष्यात असलं काम केलेलं नव्हतं. त्यानं चिरेच्या दोन टोकांना सरस लावून तेवढ्यापुरतं घट्ट केलं आणि मधली फट मोकळी ठेवली. दर उन्हाळ्याच्या आधी तो हे काम करून द्यायचा. दुरुस्तीवाला माणूस फाटकं जपत बसायचा, आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं त्याला हसायची.

काकासाहेबाला एक नाद होता. शहरातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा विलायतेत शिकत होता. त्याची एक कॅसेट तुटली म्हणून काकासाहेबाकडे जोडायला आली. जोडून झाल्यावर त्यानं ती लावून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दुकानात बोलावलं. इंग्लंडातल्या लीड्स गावच्या चार जणांचा बँड होता. नाव इतकं लांबलचक की आमच्यापैकी कुणाच्या तोंडात बसलं नाही, आम्ही त्यांना लीड्सवालेच म्हणायचो. गाणं कळायचा प्रश्नच नव्हता. पण गिटार सुरू झाली आणि अण्णासाहेब म्हणाला, "ह्येंचाबी फाटलाय वाटतं."

काकासाहेबानं सांगितलं, की फाटला नाही, तिकडे काही जण मुद्दाम ब्लेडनं कापतात. बेबीनंदाचा विश्वास बसेना. "हौसेनं फाडतेत?" ती म्हणाली. "आमचा तर फुकट फाडून दिला लोकांनी." आणि ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं ती कॅसेट पुन्हा लावायला सांगितली, आणि या खेपेला हसली नाही. असला बँड तिकडे काय म्हणून ओळखतात, असं तिनं विचारल्यावर काकासाहेबानं डोकं खाजवून सांगितलं, की बाजारात चालतं ते सोडून दुसरंच वाजवणारे. म्हणजे आपलीच भावकी, असं बेबीनंदाचं त्यावर मत पडलं.

तेव्हापासून लीड्सवाले आमच्या धंद्यातलीच एक पार्टी होऊन बसले. काकासाहेब रेडिओवर विलायतेचं स्टेशन कान लावून ऐकायचा. कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षानं त्यांची काही बातमी लागायची, आणि तो दुकान उघडं टाकून सांगायला यायचा. त्यांचा ढोलवाला सोडून गेला. नवा मिळाला. एका मोठ्या कंपनीनं बोलावलं. बेबीनंदा भाकरी थापता थापता चौकशी करायची, आधीच्या ढोलवाल्याचं काय बिनसलं, लग्नबिग्न झालं का, नव्याला त्यांच्या चाली येतात का. भोकरदनच्या नातेवाइकांची करावी तशी चौकशी. काकासाहेबाला अर्ध्या गोष्टी माहीत नसत. मग तो काहीतरी रचून सांगायचा, हे मला दिसत होतं.

१९८९ साली आम्हालाही कंपनीनं बोलावलं. औरंगाबादची कॅसेट कंपनी होती, आता बंद पडली. मालकानं आम्हाला एका लग्नात ऐकलं होतं. चाली त्याला पसंत होत्या. स्पीकर पसंत नव्हता. शिवाय कव्हरवर बेंजो तातेरावाच्या हातात असावा आणि बाईनं बाजूला उभं राहावं, असं त्याचं म्हणणं, कारण बाई वाजवते हे गिऱ्हाइकाला पटत नाही म्हणे. तातेरावाला यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बेबीनंदा म्हणाली, वाजवून तर बघू. स्टुडिओत तिला चकचकीत नवा स्पीकर दिला. काचेसारखा स्वच्छ आवाज. ती थोडा वेळ वाजवत राहिली, मग तिनं पत्ती खाली ठेवली.

"चांगला हाये स्पीकर," ती मालकाला म्हणाली. "पण ह्याला काय झालेलंच न्हाई. ह्याच्यातून मी काय सांगू?"

मालकानं पुष्कळ समजावलं. बेंजो तातेरावाच्या हातात दिसणार म्हणून कुणाचं काय बिघडतं, असंही म्हणाला. अण्णासाहेब हा माणूस सहसा बोलत नाही. तो उठला, आमचा फाटका स्पीकर खांद्यावर घेतला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आम्ही त्याच्या मागे गेलो. तातेराव सगळ्यात शेवटी आला. एसटीच्या टपावर स्पीकर चढवताना तो मला म्हणाला, की या बाईच्या हट्टापायी आपण सगळे मातीत जाणार.

परत आलो तर काकासाहेब वाटच पाहत होता. लीड्सवाल्यांनाही त्यांच्या कंपनीनं आवाज साफ करायला सांगितला आणि तेही उठून आले, असं त्यानं सांगितलं. ही बातमी त्यानं खरंच ऐकली होती की आमचे चेहरे बघून रचली, देव जाणे. पण तिचा उपयोग झाला. बेबीनंदानं विचारलं, मग त्यांनी काय केलं? काकासाहेब म्हणाला, स्वतःच काढली कॅसेट. मग आपणही काढू, ती म्हणाली. एका रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत गोधड्या टांगून आम्ही ती काढली. कव्हरवर फोटोच नव्हता, नुसती अक्षरं: 'मस्तगडची खरखर'. काकासाहेबानं स्वतः प्रती काढून बसस्टँडवर विकायला ठेवल्या. दोन वर्षांत जालना-अंबड आणि जालना-भोकरदन रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या जिपांत दुसरं काही ऐकू येईना.

ही आमची चांगली वर्षं. सुपाऱ्या इतक्या, की नाही म्हणावं लागायचं. खरखरवाली पार्टी पाहिजे म्हणून लोक लग्नाची तारीख पुढे ढकलायचे. मी नवा ताशा घेतला. अण्णासाहेबानं गाड्याला रबरी चाकं बसवली, त्याचंच त्याला कौतुक.

मग तातेराव गेला. सांगून गेला असता तर मी इतका चिडलो नसतो. त्यानं कीबोर्ड घेतला, दोन पोरं हाताशी धरली आणि स्वतःची पार्टी काढली. आणि वाजवायचा काय, तर आमचीच 'चाळणी'! स्वच्छ, गुळगुळीत, खाली बटणावरचा तयार ठेका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या घरी जाऊन त्याचा कीबोर्ड फोडणार होतो, पण बेबीनंदानं अडवलं. ती स्वतः त्याच्या एका वरातीत रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकून आली. चांगलं वाजवतो, म्हणाली, पण त्या चालीला कुठं जायचंच नसल्यासारखं वाटतं. त्यानंतर ती आठ दिवस बेंजोला शिवली नाही. तिला फार लागलं होतं, हे मला माहीत आहे.

नेमका त्याच सुमाराला काकासाहेब लीड्सवाल्यांची बातमी घेऊन आला. त्यांच्यात भांडण झालं होतं आणि बँड मोडला होता. खरं तर त्यानं ती बातमी लपवायला हवी होती. पण बेबीनंदा ती ऐकून रडली वगैरे नाही, उलट संतापली. "मोडला म्हणजे? एक जण गेला तर बाकीच्यायचे हात तुटले का?" असं म्हणून तिनं बेंजोवरची चादर काढली आणि तारा बदलायला घेतल्या. लीड्सवाल्यांवर ती पुढची कितीतरी वर्षं रागावलेली होती. तातेरावाला तिनं माफ केलं, त्यांना नाही.

तातेरावानंतर आम्ही गाणाराच ठेवला नाही. नुसता बेंजो आणि ताशा. पण दिवस फिरले होते. नव्वदचं दशक संपता संपता डीजे आले. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, त्यांच्यापुढे आमचा गाडा कुणाला दिसणार? बेबीनंदाचे केस पिकले, माझे गुडघे धरू लागले. वर्षाला चार-सहा वराती आणि जयंतीची मिरवणूक, एवढंच उरलं. जो भेटेल तो तिला सांगायचा, की बाई, आता बस करा. ती त्यांना चहा पाजायची आणि दुसऱ्या दिवशी तालमीला बसायची. २००० साली काकासाहेब धापा टाकत आला, की लीड्सवाले पुन्हा एकत्र आले. आधीचा ढोलवालासुद्धा. बेबीनंदानं एवढंच विचारलं, आवाज तोच आहे ना? तोच आहे, तो म्हणाला. त्या दिवशी तिनं गोड केलं.

त्यानंतर दोन वर्षांनी एक तरुण पोरगा मोटारसायकलवर मस्तगडात आला. त्याला त्याच्या लग्नात आमची पार्टी पाहिजे होती. अंबडला कॉलेजात जाताना रोज जिपेत आमची कॅसेट ऐकायचा म्हणे, डीजे सगळेच आणतात. बेबीनंदानं गाव विचारलं. त्यानं सांगितलं. घर कुठलं, विचारलं. मारुतीच्या पाराला लागून, तो म्हणाला. मी हातातली बशी खाली ठेवली. रामरावांचा नातू होता तो. आजोबा आहेत का, तिनं विचारलं. आहेत, पण थकलेत, तो म्हणाला. त्याला काहीही माहीत नव्हतं.

तिनं एक अट घातली. वरात बौद्धवाड्यापासून सुरू होईल, पारावरून, घरावरून जाईल आणि मधे कुठंच थांबणार नाही. पोराला अटीचा अर्थच कळेना. तिथं कोण कशाला थांबेल आता, असं तो म्हणाला. बेबीनंदा माझ्याकडे बघून हसली आणि सुपारी घेतली.

लग्नाच्या दिवशी काकासाहेबही हौसेनं आमच्याबरोबर आला. आणि अंबड सोडल्यावर जीप एका खड्ड्यात अशी आदळली की बौद्धवाड्यापाशी सामान उतरवून बेंजो जोडला तर स्पीकरमधून नुसती गुणगुण. काकासाहेबानं खोकं उघडलं. चुंबकापासून पडदाच सुटून आला होता, आतली तार पिळवटली होती.

"गेला," तो म्हणाला. "ह्याच्यात आता जीव न्हाई."

त्यानं जिपेत एक नवा स्पीकर आणून ठेवला होता. बरोबर त्याच मापाचा, कधी ना कधी लागेल म्हणून कितीतरी दिवस जपून ठेवलेला. तो त्यानं खोक्यात बसवला. बेबीनंदानं एक ओळ वाजवली. स्वच्छ आवाज. नवरदेवाचे मित्र खूष झाले, एकदम क्लिअर येतोय म्हणाले. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा स्टुडिओतल्या दिवसासारखा झाला होता. इतक्या वर्षांनी त्या गल्लीतून जायचं, आणि जायचं ते अशा आवाजात, जणू तिथं कधी काही घडलंच नव्हतं. मला वाटलं, ही आता बेंजो खोळीत घालणार, आणि तसं केलं असतं तर मीही ताशा उतरवला असता.

तिनं अण्णासाहेबाला गाडा घ्यायला सांगितला आणि न वाजवताच चालू लागली. वरात गोंधळून मागे मागे. पाराजवळ रामराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. अंग आटलं होतं, डोळ्यांना जाड चष्मा. ती सरळ ओट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, पराणी हाये का घरात?"

नातू मधेच म्हणाला, की बैलं तर कधीच विकली, आता ट्रॅक्टर आहे. रामराव त्याच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. ते बेबीनंदाकडे बघत होते, मग गाड्याकडे, मग अण्णासाहेबाकडे. ओळख पटायला वेळ लागला, पण पटली. ते खुर्चीच्या हातांना धरून उठले, आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पराणी होती. आर गंजली होती.

पायरी उतरून ते गाड्यापाशी आले.

"मीच मारू का?" ते म्हणाले.

त्यात काय होतं, मला आजही नीट सांगता येणार नाही. माफी असेल, हुकूमही असेल. बेबीनंदानं त्यांच्या हातातून पराणी घेतली.

"न्हाई दादा. तुमच्या हातानं एकदा झालं. ह्या बारीला माझं मी करते."

तिनं जुना पडदा मागून घेतला, चिरेवर बोट ठेवून माप घेतलं. मग नव्या पडद्यावर तीच जागा शोधून आर खुपसली आणि वरून खाली ओढली. काकासाहेबानं डोळे मिटून घेतले, नवा माल होता शेवटी. तिनं पराणी गाड्यावर ठेवली, पत्ती उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. 'चाळणी'! तीच खरखर, तीच, आणि माझ्या गुडघ्यांचं मला भान राहिलं नाही. आम्ही त्या घरावरून गेलो. रामराव शेवटपर्यंत उभे होते, खुर्ची मागे असून बसले नाहीत. वळणावर चाल संपली, आणि तिथं तिनं ती पुन्हा पहिल्यापासून वाजवली.

पराणी तिनं परत दिली नाही. ती आजही मस्तगडात तिच्या घरी दाराच्या वर आडवी ठेवलेली आहे, आणि ती स्वतः दर जयंतीला मिरवणुकीपुढे वाजवते. त्या पंगतीतल्या शहाण्याला मी हे तिथंच सांगायला हवं होतं, पण रागात उठून आलो. आता सांगतो. तिला परवडत नव्हतं म्हणे. अरे, तो स्पीकर नवा कोरा होता. तिनं स्वतःच्या हातानं फाडला.